‘ग्रोथ फॅक्टर’ला मराठीत काय म्हणावं?

फोंड्याहून
डिसेंबरात इसवण मासा कापताना आईचा तळहात आदोळीवर (विळीवर) कापला. टाके पडले, पण मधलं बोट बधिरच राहिलं. डॉक्टर म्हणाले, संवेदनेची नस तुटली होती, ती शिवलीय. पुढची वाढ शरीरातल्या ‘ग्रोथ फॅक्टर’वर. आईनं विचारलं, “म्हणजे रे काय?” मी ‘वृद्धिघटक’ म्हणालो. तिला काही बोध झाला नाही, आणि खरं तर मलाही नाही.

म्हापशाहून
‘वृद्धिघटक’ परिभाषेत चालतो, पण मला तो खटकतो. मीठ लोणच्याचा घटक, कारण ते लोणच्यात असतं. ग्रोथ फॅक्टर हे प्रथिन, ते नसेचा भाग नसतं, बाहेरून येऊन तिला वाढवतं. ‘वर्धक’ म्हणा.

मडगावहून
मी हा विषय शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नस तुटली की तुटल्या जागेच्या पुढचा तंतू मरतो. तो तंतू जिच्यातून निघतो ती पेशी मात्र पाठीच्या कण्याशेजारच्या गुच्छिकेत (चेतापेशींच्या पुंजक्यात) जिवंत असते. मेलेल्या वाटेवरच्या श्वान पेशी (तंतूंना वेढणाऱ्या पेशी; श्वान हे शास्त्रज्ञाचं आडनाव) रांगेत उभ्या राहतात आणि ही प्रथिनं सोडतात. तंतूचं टोक ती उचलतं, निरोप पार गुच्छिकेपर्यंत जातो आणि तिथून वाढीचा माल येऊ लागतो. म्हणजे पेशीला जगवणं, वाढवणं आणि वाट दाखवणं अशी तीन कामं. ‘वर्धक’मध्ये एकच मावतं. मी ‘चेतापोषक’ म्हणते, चेता म्हणजे नस.

यातलं पहिलं प्रथिन रिटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी यांना सापडलं. १९५२ साली रिओ द जानेरोत त्यांनी कोंबडीच्या भ्रूणातली गुच्छिका उंदराच्या कर्करोगाच्या गाठीच्या तुकड्याशेजारी ठेवली. दिवसभरात तिच्याभोवती तंतूंचं वलय उमटलं. आपल्याकडे देवाच्या मागे प्रभावळ असते, हुबेहूब तसं. १९८६ मध्ये त्यांना आणि स्टॅन्ली कोहेन यांना नोबेल मिळालं.

म्हापशाहून
मग सरळ ‘टॉनिक’ का नको? आईंना लगेच कळेल.

मडगावहून
नको, त्यानं फसगत होईल. टॉनिक म्हटलं की माणूस बाटली मागतो. मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांना हे प्रथिन टोचून पाहिलं. टोचल्या जागी दुखायचं, कारण वेदनेचे तंतूच त्याला सर्वांत जास्त दाद देतात. शिवाय मोठ्या चाचणीत गुण आला नाही. कारण वेदनेचे तंतूच त्याला सर्वांत जास्त दाद देतात. डोळ्याच्या बुबुळाची संवेदना गेलेल्यांसाठी मात्र त्याचे थेंब निघाले, अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली.

फोंड्याहून
आईला मी नारळाचं उदाहरण दिलं. कोंब आलेला नारळ फोडला की आत मऊ गोळा असतो, कोंब त्याच्यावर पोसतो. ती लगेच म्हणाली, “मग पोषकच म्हण.”

मडगावहून
छान! तंतू वाढण्याचा वेग साधारण दिवसाला १ मिलिमीटर धरा, सुरुवातीचे काही आठवडे सोडून. जखमेपासून पुढे बोटानं हलकं टकटक करा. जिथे मुंग्या येतील, तिथवर कोंब पोचलाय.

फोंड्याहून
शिवणाच्या टेपनं मोजलं, जखमेपासून बोटाच्या टोकापर्यंत ११ सेंटिमीटर. गेल्या रविवारी मुंग्या बोटाच्या मुळाशी होत्या, आज पहिल्या पेराकडे सरकल्यात. आतापर्यंत ‘मुंग्या येतात’ ही आमच्या घरात तक्रार होती. आज आईनं हेच शब्द शेजारणीला हसत सांगितले.