सीड बदललं की उत्तर बदलतं. हे परिषदेत मांडू का?

रांगेतला_एक

नमस्कार मंडळी. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेचं सिम्युलेशन करतोय. दोन नोंदणी खिडक्या, तीन डॉक्टर, सकाळी साडेआठ ते साडेबारा. तिसरी खिडकी उघडली तर थांबायचा सरासरी वेळ किती कमी होईल, एवढाच प्रश्न. ‘४ मिनिटं’ असं ॲबस्ट्रॅक्टमध्ये लिहून बसलोय. तो स्वीकारला गेला आणि १५ मिनिटांचं भाषणही मिळालं.

परवा रात्री सहज सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा, बदलून प्रोग्राम पुन्हा चालवला. बाकी सगळं तेच, खिडक्याही दोनच, तरी सरासरी ३८ मिनिटांवरून ४९ वर गेली. नुसत्या यादृच्छिक आकड्यांनी ११ मिनिटांचा फरक पडतोय आणि मी ४ मिनिटांबद्दल बोलायला निघालोय. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

त्याच आठवड्यात एक अभ्यासगट भरतोय. उद्योगांतली माणसं त्यांचे प्रश्न घेऊन येतात आणि पेपर वाचायचा नसतो. मन तिकडे ओढतंय, पण त्यात भीतीचा वाटा किती आणि आवडीचा किती, हे मलाच कळत नाहीये. भाषण मागे घेऊ का?

स्थिरांक

मागे घेऊ नका. एकच रन घेतला असेल तर तुमच्या हातात फक्त एका दिवसाची हकिगत आहे. आणि वॉर्म-अपचा काळ वगळलात का? रिकाम्या रांगेपासून सुरुवात केली की पहिले रुग्ण पटकन सुटतात आणि सरासरी खाली येते. तो भाग काढा, रन लांबवा, आकडा स्थिरावेल.

जुनी_वही

एका रनबद्दल स्थिरांक यांच्याशी सहमत, वॉर्म-अपबद्दल नाही. चोवीस तास चालणारा तातडीचा विभाग असता तर तो काळ वगळणं बरोबर होतं. हा विभाग साडेबाराला बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सकाळचा तो पहिला तास याच्या प्रश्नाचा भाग आहे, तो टाकून कसं चालेल? इथे लांब रन नको, एकमेकांपासून स्वतंत्र असे पुष्कळ दिवस हवेत.

रांगेतला_एक, माझ्या पहिल्या परिषदेत मी एकच वक्ररेषा दाखवली होती. गुळगुळीत, सुंदर. दुसऱ्या रांगेतून एका गृहस्थांनी विचारलं, “किती रन?” मी म्हटलं, एक. सभागृहात ते पुढे काही बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत मला शोधत आले आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी रांगेचं सगळ्यात साधं सूत्र लिहिलं. एकच खिडकी आणि ती ९० टक्के वेळ गुंतलेली असेल, तर व्यवस्थेत सरासरी ९ माणसं. ९५ टक्के झाली की १९. खिडकी भरत आली की जराशा हेलकाव्याने रांग कुठल्या कुठे जाते. तुमची ११ मिनिटं बहुधा तिथूनच येतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तो विभागच तसा काठोकाठ भरलेला आहे. ती पत्रिका अजून माझ्याकडे आहे.

आता ४ मिनिटांचं. दोन खिडक्यांचा दिवस आणि तीन खिडक्यांचा दिवस एकाच यादृच्छिक प्रवाहावर चालवा. तेच रुग्ण, त्याच वेळी आलेले, तपासणीलाही तेवढाच वेळ घेणारे. मग दिवसागणिक वजाबाकी करा आणि त्या फरकांची सरासरी मध्यांतरासह मांडा, म्हणजे खरी सरासरी बहुधा कुठून कुठपर्यंत असेल ती दोन टोकंही द्या. मध्यांतर निम्मं करायचं तर दिवस चौपट लागतात, तेवढं धरून चाला. १९६७ पासून भरणाऱ्या विंटर सिम्युलेशन कॉन्फरन्सचे पेपर इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. त्यातले नवशिक्यांसाठीचे पाठ भाषणाआधी नक्की वाचा.

अभ्यासगटाला पुढच्या खेपेला जा, पण जाच. १९६८ मध्ये ऑक्सफर्डला सुरू झालेली ही पद्धत मला परिषदांपेक्षाही प्रिय आहे. सोमवारी प्रश्न मांडायचा, शुक्रवारी जे हाती आलं ते सांगायचं. एका वर्षी आमच्याकडे रक्ततपासणीच्या खिडकीचा प्रश्न होता. तो घेऊन आलेले कर्मचारी दोन दिवस गप्प बसून आमची समीकरणं बघत होते. बुधवारी म्हणाले, “पण माणसं तर दार उघडायच्या आधीच येऊन बसलेली असतात.” आम्ही सगळ्यांनी आगमनं दार उघडल्यापासून मोजली होती! फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

स्थिरांक

खरंय. मी कारखान्यांच्या सलग चालणाऱ्या मॉडेलांवर काम करतो, त्या सवयीने लिहून गेलो. वॉर्म-अपचा सल्ला मागे घेतो.

रांगेतला_एक

ताई, तुम्ही सांगितलंत तसं ५० दिवस चालवले. दोन खिडक्यांवर दिवसाची सरासरी २९ पासून ६१ मिनिटांपर्यंत फिरते. पण जोडीने वजाबाकी केली तर फरक ४.६ मिनिटं, ९५ टक्के मध्यांतर ३.४ ते ५.८. आकडे बघून किती हलकं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. २९ ते ६१ चा आलेखच पहिली स्लाइड करतोय. भाषण देणार.

पण तुमचा रक्ततपासणीचा किस्सा वाचून मी नोंदवही पुन्हा काढली. तिच्यात वेळ पडते ती माणूस खिडकीशी पोचल्यावर. तो त्याआधी किती वेळ उभा होता याची नोंदच नाही, आणि तिसऱ्या खिडकीचा खरा उपयोग तर तिथेच! मी त्याच वेळा आगमनाच्या म्हणून मॉडेलला दिल्या होत्या. म्हणजे ४.६ सुद्धा अपुरेच. सोमवारी सकाळी सात वाजता वही घेऊन दाराशी उभा राहतोय. भाषणाला अजून पाच आठवडे आहेत.

जुनी_वही

दोन रकाने करा: आला कधी, खिडकीशी पोचला कधी. आणि तिसरा, रांग बघून परत गेलेल्यांचा. तो विसरू नका.