मदत हवी आहे: बाल्कनीतलं जळणारं सामान काढून त्याजागी काय लावू?

प्राजक्ता_पुणे
सोसायटीच्या फायर ऑडिटमध्ये आमच्या बाल्कनीवर शेरा मारलाय. नोटिशीत एवढंच लिहिलंय की "ज्वलनशील साहित्य महिनाअखेरपर्यंत काढावे". बाल्कनी ११ बाय ५ फूट. खाली डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या फळ्यांचा) डेक, त्यावर अर्ध्या भागात कृत्रिम गवत, छताला पीव्हीसी पॅनल, बाहेरच्या बाजूला बांबूचे चिक (गुंडाळायचे पडदे). इंटिरियरवाला म्हणतो सगळं "एफआर"मध्ये (फायर रिटार्डंट) बदलून देतो, गवत एफआर, पॅनल एफआर. चालेल का? नसेल तर काय लावायचं ते सरळ सांगा. फायर एक्स्टिंग्विशर घ्या असं कृपया कोणी सांगू नका, तो आहे.

स्थपती
थोडी माहिती द्या, मग सांगता येईल. इमारत किती मजली, तुमचा कितवा? बाल्कनी उघडी आहे की काचेनं बंद? वरची बाल्कनी बरोबर डोक्यावर येते का? डेक म्हणजे एक फुटाच्या क्लिक टाइल्स की लांब फळ्या? फळ्या असतील तर त्यांच्या खाली कशाच्या पट्ट्या आहेत? एसीचं आउटडोअर युनिट कुठे आहे?

वायरमन
छतात दिवे आहेत का? पीव्हीसी पॅनलच्या वर एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा छोटा डबा) ठेवून वायर नुसती टेप मारून जोडलेली असते. बाल्कनीत ठिणगी पडते ती बहुतेक तिथेच. पॅनल बदलताना वायरिंग तसंच ठेवलंत तर अर्धंच काम झालं.

सचिव_बी_विंग
सोसायटीनं फॉर्म बी भरलाय का ते आधी विचारा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. होज रील कोरडी, पंप बंद, आणि सभासदांना गवताच्या नोटिसा, हे बरोबर नाही.

प्राजक्ता_पुणे
फॉर्म बी सोसायटी बघेल, मला बाल्कनीचं सांगा. १४ मजली, आमचा नववा. मजल्याचा काय संबंध ते कळलं नाही. उघडी आहे, वरची बाल्कनी डोक्यावरच येते. लांब फळ्या, खाली लाकडी पट्ट्या. युनिट बाल्कनीतच, कोपऱ्यात. छतात ४ दिवे.

स्थपती
मजल्याचा संबंध असा. खालच्या घरात आग लागली तर ज्वाळा खिडकीतून बाहेर येतात आणि भिंतीला चिकटून वर चढतात. बाल्कनीचा काँक्रीटचा स्लॅब बाहेर आलेला असतो, म्हणून ज्वाळा भिंतीपासून लांब ढकलल्या जातात. उघड्या बाल्कनीचा हा फुकटचा फायदा आहे. पण स्लॅबच्या खाली पीव्हीसी आणि वर डब्ल्यूपीसी लावलं की तोच स्लॅब आगीला पायरी होतो. शिवाय प्लॅस्टिक वितळून जळते थेंब खाली पडतात, म्हणजे तुमच्याकडची आग आठव्या, सातव्यावरही उतरते. शेरा एकट्या तुमच्या घराच्या सुरक्षेसाठी नाही.

आता "एफआर". एफआर म्हणजे पेट घ्यायला उशीर लावणारं. न जळणारं असा त्याचा अर्थ होत नाही. गवताचे धागे पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे, पाठीला लॅटेक्स नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन). त्यात मिसळलेलं रसायन उन्हानं आणि पावसानं कमी होत जातं. विक्रेता यूएल ९४ व्ही-० चा कागद दाखवेल. ती प्लॅस्टिकच्या छोट्या पट्टीची चाचणी आहे, बाल्कनीभर पसरलेल्या थराची नव्हे. मागायचंच तर ईएन १३५०१-१ या युरोपीय मानकाप्रमाणे ए१ (न जळणारं) किंवा ए२-एस१,डी० (जवळजवळ न जळणारं) वर्गाचा अहवाल मागा, आणि त्यावर त्याच मालाचं नाव, त्याच जाडीसह आहे का बघा. एस१ म्हणजे धूर अगदी कमी, डी० म्हणजे जळते थेंब नाहीत. गवताला किंवा पीव्हीसीला हा वर्ग मिळत नाही, तेव्हा तिथेच विषय संपतो.

रेडिंगचा_मिलिंद
इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१८ पासून १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ए२-एस१,डी० पेक्षा खालचं साहित्य वापरायला बंदी आली, ती बाल्कन्यांनाही लागू आहे. जून २०१९ मध्ये लंडनच्या बार्किंग भागात लाकडी बाल्कन्यांवरून आग वर चढली आणि वीस फ्लॅट जळाले. त्यानंतर इकडे जागोजागी लाकडी डेक काढून अॅल्युमिनियमचे बसवले गेले. त्यात सर्रास दिसणारी चूक म्हणजे वरच्या फळ्या अॅल्युमिनियमच्या आणि खालच्या पट्ट्या जुन्याच लाकडी. आग पट्ट्यांमधल्या पोकळीत, वाळलेला पाला, सिगारेटची थोटकं यांच्यावर लागते आणि वरून दिसतही नाही. तुमच्याकडे लाकडी पट्ट्याच आहेत. त्या काढायच्याच.

जोडकाम
मिलिंदशी सहमत. अॅल्युमिनियम डेक घ्या. पावडर कोट केलेले प्रोफाइल, खाली अॅल्युमिनियमचे रनर, उंची जमवायला धातूचे पेडेस्टल. गंज नाही, वाळवी नाही. छतालाही एसीपी (दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये कोअर म्हणजे भराव असलेलं पॅनल) लावून टाका, एकसारखं दिसेल.

स्थपती
डेकचं पटतं, एसीपीचं अजिबात नाही. मेलबर्नला २०१४ मध्ये लॅक्रोस इमारतीत आठव्या मजल्याच्या बाल्कनीत एका सिगारेटनं आग लागली आणि एसीपीवरून पंधरा मिनिटांच्या आत एकविसाव्यापर्यंत गेली. पत्रा अॅल्युमिनियमचा असला तरी पोटात पॉलिइथिलीन असतं. आणि डेकसुद्धा इथे कशाला? ११ बाय ५ च्या काँक्रीटच्या बाल्कनीत पोकळीच नको. पश्चिमेकडे तोंड असेल तर मे महिन्यात त्या अॅल्युमिनियमवर अनवाणी पाय ठेवता येणार नाही.

जोडकाम
एफआर कोअरचा एसीपी मिळतो की! सरसकट नावं ठेवू नका.

स्थपती
एफआर कोअरमध्ये साधारण ७० टक्के खनिज, उरलेलं प्लॅस्टिकच. ए२ कोअर वेगळा, त्यात खनिज ९० टक्के किंवा अधिक. दुकानात दोन्ही "फायरवालं" म्हणूनच विकतात. ज्यांच्याकडे आधीच लावलाय त्यांच्यासाठी: एक कापलेला तुकडा घेऊन कडेनं कोअर खरवडा. मऊ, मेणासारखा सोलला जाणारा असेल तर पॉलिइथिलीन समजा. पांढरट-राखाडी आणि भुगा होणारा असेल तर खनिज बरंच आहे. ही फक्त पहिली पारख, खरं उत्तर अहवालातच. पत्राच हवा असेल तर २ मिमीचा सलग अॅल्युमिनियम पत्रा घ्या, ज्यात कोअरच नाही.

रंगारी७
एवढी तोडफोड कशाला? फुगणारा अग्निरोधक रंग मिळतो. पॅनलवर, डेकवर, चिकवर दोन हात मारा.

स्थपती
तो रंग मुख्यतः लोखंडी खांब-तुळयांसाठी आणि घरातल्या लाकडासाठी. पीव्हीसीवर तो धरत नाही, आणि पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडून लोंबायला लागतं, म्हणजे रंग फुगायच्या आधी पॅनल खाली येतं. डेकवर चालून तो झिजतो, पावसात वरचं कोट फुटलं की धुतला जातो. बांबूच्या काड्यांच्या आतल्या बाजूंना तर पोचतच नाही. कृपया हे सुचवू नका, लोक यावर विसंबतात.

बागप्रेमी
गवत काढताय ते छान, पण कुंड्यांचं कोणी बोललं नाही. कोकोपीट पूर्ण वाळलं की त्यात खुपसलेलं थोटूक तासन्‌तास धुमसतं आणि मग प्लॅस्टिकची कुंडी पेटते. वरच्या मजल्यावरून पडलेलं थोटूकही पुरतं. मातीचं प्रमाण निम्म्याहून जास्त ठेवा, कुंड्या मातीच्या किंवा सिमेंटच्या, आणि गावाला जाताना कुणाला तरी पाणी घालायला सांगा. कोकोपीटची रिकामी पोती बाल्कनीत साठवू नका.

प्राजक्ता_पुणे
कुंड्या आहेत, लक्षात ठेवते. पण अजून मला फरशी आणि छताला काय ते मिळालं नाही. डेकच्या खाली बिल्डरची टाइल आहे. ती धुवून तशीच ठेवली तर? पट्ट्या ठोकताना भोकं पडलीत मात्र.

स्थपती
हे आधी सांगितलं असतंत तर निम्मी चर्चा वाचली असती. टाइल चांगली असेल तर नवीन काहीच लावू नका. जे नाहीच ते जळत नाही.

भोकांचं मात्र नीट करा, कारण ती वॉटरप्रूफिंगमधून गेली आहेत. स्क्रू आणि प्लॅस्टिकचे प्लग उपटून काढा, धूळ व्हॅक्यूमनं ओढा, पूर्ण कोरडं झाल्यावर इपॉक्सी ग्राउट तळापासून भरा. नुसतं पांढरं सिमेंट भरलंत तर पहिल्याच पावसात केसाएवढी फट पडते. भरल्यावर आउटलेट बंद करून २५ मिमी पाणी २४ तास तुंबवा आणि आठव्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येते का बघा. त्यांना आधी सांगून ठेवा.

टाइल फुटली असेल किंवा निसरडी असेल तर त्यावरच ६०० बाय ६०० ची अँटिस्किड व्हिट्रिफाइड टाइल लावता येते. क्षेत्रफळ ५.१ चौरस मीटर. हिशेबानं १५ टाइल येतात, पण ५ फुटांत कापाकापी होते, म्हणून १८ लागतील. ४ चा बॉक्स असेल तर ५ बॉक्स. टाइल अॅडेसिव्ह आयएस १५४७७ या भारतीय मानकाचं टाइप २ किंवा वरचं, टाइलवर टाइलसाठी चालतं असं पिशवीवर लिहिलेलं, २० किलोच्या दोन पिशव्या. जुनी टाइल घासून खरखरीत करायची. उतार मीटरला १० मिमी, आउटलेटकडे.

यात दोन गोष्टी बिघडतात. एक, जमीन १२ ते १४ मिमी वर येते आणि सरकत्या दाराच्या ट्रॅकची पाणी जायची भोकं बुजतात, मग पाणी हॉलमध्ये. दुसरी, रेलिंगची उंची तेवढीच कमी होते. नवीन फरशीपासून मोजून ती १ मीटरच्या खाली जाता कामा नये, लहान मुलं असतील तर १.२ ठेवा.

जोडकाम
छताचं मी सांगतो, ते रोजचं काम आहे. पॅनल काढल्यावर स्लॅबला प्लॅस्टर आणि बाहेरचा रंग पुरतो. पण वायर लपवायला सीलिंग हवंच असेल तर ८ मिमी फायबर सिमेंट बोर्ड. साधं जिप्सम बाहेरच्या दमट हवेत फुगून लोंबतं. ८ बाय ४ चे बोर्ड हिशेबानं दोन पुरतात, पण सांधे फार होतात, तीन घ्या. एकेक तीस-पस्तीस किलोचा, उचलायला दोघं हवेत. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचं) चॅनल दोन फुटांवर, सेल्फ ड्रिलिंग स्क्रू दर २०० मिमीवर, कडेपासून १५ मिमी आत. सांध्यात ३ मिमी फट, नाहीतर उन्हाळ्यात कडा फुटतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: फ्रेम स्लॅबला धातूच्या अँकर फास्टनरनं धरायची. नायलॉनच्या प्लगनं धरली तर आगीत प्लग वितळतो आणि न जळणारा बोर्ड अख्खा डोक्यावर येतो.

स्थपती
हे शंभर टक्के बरोबर. प्लगकडे कुणाचंच लक्ष नसतं.

वायरमन
त्याच वेळी वायर एफआरएलएस (उशिरा पेटणारी, कमी धुराची) किंवा हॅलोजनमुक्त घ्या, धातूच्या पाइपातून न्या, जोड धातूच्या बॉक्समध्ये कनेक्टरनं. ड्रायव्हर हाताला लागेल असा. उघड्या बाल्कनीत दिवे आयपी६५ (धूळ आणि पाणी आत न जाणारे). एसीच्या युनिटला वेगळी लाइन आणि स्वतःचा एमसीबी. युनिटमागे रिकामी खोकी, झाडू, कव्हर काही ठेवू नका. तांब्याच्या नळ्यांवरचा काळा फोम आणि पांढरी टेप जळणारीच असते, फाटली असेल तर बदला आणि वर अॅल्युमिनियमचं आवरण घाला.

चार्वी_ठाणे
कबुतरांच्या जाळीचं काय? आमच्याकडे नायलॉनची आहे, ती पण काढायला सांगतील का?

स्थपती
नायलॉन वितळून जळत खाली गळतं. त्याजागी स्टेनलेस स्टीलची वेल्डेड जाळी लावा, १९ मिमी चौकोन, समुद्राजवळ ३१६ ग्रेड. "इनव्हिजिबल ग्रिल" म्हणून विकतात त्या तारेवरही नायलॉनचा पातळ थर असतो, पण वजनानं नगण्य. अडचण आगीपेक्षा सुटकेची आहे. जाळी किंवा ग्रिल पूर्ण बंद असेल तर अग्निशमन दलाला शिडीवरून आत येता येत नाही. निदान ६०० बाय ९०० मिमीचा भाग आतून, किल्लीशिवाय उघडणारा ठेवा.

प्राजक्ता_पुणे
छान, आता कळतंय. टाइल ठीक आहे, तशीच ठेवणार. छताला बोर्ड लावून घेते. राहिले चिक. उन्हाला काहीतरी लागतंच, दुपारी हॉल तापतो. हिरवं शेडनेट चालेल?

रेडिंगचा_मिलिंद
शेडनेट एचडीपीई (एक प्रकारचं पॉलिइथिलीन) असतं, नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये हाँगकाँगच्या ताई पो भागात दुरुस्तीसाठी लावलेली बाहेरची जाळी आणि खिडक्यांवरचा फोम पेटून दीडशेहून अधिक माणसं गेली.

स्थपती
मुंबईत २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिल्समध्ये बांबू आणि ताडपत्रीच्या छपरामुळेच आग पसरली, १४ जण गेले. चिक आधी उतरवा, बाकीचं नंतर. ते आजही काढता येतील.

त्याजागी छिद्रांचा अॅल्युमिनियम पत्रा, १.५ ते २ मिमी जाड, ३० ते ४० टक्के उघडा, बिजागरीवर बाहेर उघडणारा नको, आतल्या बाजूला सरकणारा करा. किंवा अॅल्युमिनियमचे फिरणारे लूव्हर. रोलर ब्लाइंडवाले "ग्लास फायबर" म्हणतील. धागा काचेचा असला तरी त्यावर बहुधा पीव्हीसीचा लेप असतो, अहवाल बघितल्याशिवाय घेऊ नका. दर्शनी भाग बदलतोय म्हणून समितीची लेखी परवानगी घ्या आणि एकच डिझाइन सगळ्या मजल्यांना ठरवून घ्या. तुम्ही सगळं बदललं आणि आठव्यावर गवत-पीव्हीसी तसंच राहिलं तर ज्वाळा तुमच्यापर्यंत येणारच.

सचिव_बी_विंग
हे मात्र समितीनं सर्वसाधारण सभेत ठरावानंच करावं. एकेकाला नोटीस देऊन वरची-खालची बाल्कनी तशीच ठेवण्यात अर्थ नाही.

प्राजक्ता_पुणे
ठराव करायला लावते, आठव्यावरच्यांशी बोलणारच आहे पाणी तुंबवायच्या आधी. काम कुठून सुरू करू, छत की फरशी?

जोडकाम
चिक, मग गवत आणि डेक, मग छताचं पॅनल, मग वायरिंग, मग बोर्ड. भोकं सगळ्यात शेवटी भरा, नाहीतर छताचं ड्रिलिंग चालू असताना ओल्या इपॉक्सीवर धूळ बसते. काढलेलं पीव्हीसी आणि डब्ल्यूपीसी जिन्यात किंवा डक्टमध्ये ठेवू देऊ नका, कंत्राटदाराच्या कामातच त्याच दिवशी खाली नेऊन टाकायचं लिहून घ्या.