९९८ मिनीवर १२जी९४० हेड: आधी ब्लॉक, मग कार्बोरेटर

मिनी गाडीच्या ९९८ सीसी ए-सिरीज इंजिनावर १२७५ सीसी इंजिनाचं १२जी९४० हेड (सिलिंडरांवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) आणि जोड एसयू एचएस२ कार्बोरेटर बसवायचा बेत असेल, तर आधी हे पाहा. हेड बोल्टला बसेल, पण बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) फक्त ६४.६ मिमी आहे आणि या हेडचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सुमारे २९ मिमीचा. तो उघडताना थेट ब्लॉकच्या कडेवर आदळतो. म्हणून ब्लॉकच्या माथ्यावर खाचा पाडाव्याच लागतात. खाच पिस्टनच्या वरच्या रिंगपर्यंत मात्र जाऊ देऊ नका. खाचेत प्लॅस्टिसिन (मऊ माती) ठेवून इंजिन हाताने फिरवा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर (पूर्ण लिफ्टला) तो आणि ब्लॉक यांच्यात १.५ मिमी तरी अंतर हवं.

दुसरी अडचण कॉम्प्रेशनची, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं त्याची. या हेडचं चेंबर (ज्वलनाची पोकळी) साधारण २१ सीसी, १२जी२९५ या दुसऱ्या ए-सिरीज हेडचं २८. एका सिलिंडरचं विस्थापन २४९.६ सीसी. चेंबर, गॅस्केट आणि पिस्टनची खळगी मिळून २९.४ सीसी भरलं तर ९.५:१ मिळतं, तेच २५.४ झालं की १०.८:१, म्हणजे साध्या पेट्रोलवर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून ठोके). ब्युरेटने (मोजनळीने) हे आकारमान मोजल्याशिवाय हेड घासायला देऊ नका.

रस्त्यावरच्या गाडीला माझं मत १२जी२९५लाच. ब्लॉकला हात लावावा लागत नाही, आणि ९९८ कूपरवर हेच हेड जोड एचएस२सह येत असे.

कार्बोरेटरच्या ट्यूनिंगआधी टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनवर ०.३० मिमी, मग टायमिंग (ठिणगीची वेळ). दोन्ही कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणाऱ्या नळ्या) ब्रिजशी (हवेच्या मार्गातल्या उंचवट्याशी) समपातळीत आणून १२ फ्लॅट (नटच्या बाजू, म्हणजे दोन फेऱ्या) खाली घ्या. थ्रॉटल जोडणीचे क्लॅम्प सैल करून दोन्हीकडची हवा सारखी करा, मगच मिश्रण. कार्बोरेटरचा पिस्टन ०.८ मिमी उचलल्यावर इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बंद पडू लागलं तर लीन (पेट्रोल कमी).