२०२०-२१ची उडी सगळी कोविडची नाही

केंद्राचा खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्क्यांवरून २०२०-२१मध्ये १७-१८ टक्क्यांवर गेला तो कोविडमुळे, असं म्हटलं जातं. अर्धंच बरोबर. मोफत धान्य, मनरेगा हे होतंच, शिवाय जीडीपी आकसला, म्हणजे छेदच लहान झाला. पण त्या वर्षीची अन्न अनुदानाची ओळ बघा: मूळ अंदाज १.१५ लाख कोटी, सुधारित ४.२२ लाख कोटी! एवढं धान्य काही एका वर्षात वाटलं गेलं नाही. आधीची काही वर्षं सरकार अन्न महामंडळाला (सरकारसाठी धान्य खरेदी करून पुरवणारी संस्था) अनुदानाची पूर्ण रक्कम देतच नव्हतं; महामंडळ राष्ट्रीय अल्पबचत निधीतून, म्हणजे तुमच्याआमच्या पोस्टातल्या बचतीतून, कर्ज काढून भागवत होतं. खर्च होत होता, फक्त अर्थसंकल्पात दिसत नव्हता. फेब्रुवारी २०२१मध्ये ती थकबाकी एकदम वहीत घेतली. (हे केलं ते चांगलंच केलं.)

त्यामुळे आधीच्या वर्षांचे टक्के दिसतात तेवढे कमी नव्हते. आणि राज्यांचा खर्च यात मिळवणार असाल तर केंद्राने राज्यांना दिलेली अनुदानं आधी वजा करा, नाहीतर तीच रक्कम दोनदा मोजली जाते.