अनुभव धागा: पाळणाघरात, अंगणवाडीत काम करणाऱ्यांनो, लिहा

डोंबिवलीत राहत्या घरी मी बावीस वर्षं पाळणाघर चालवलं. "मुलं तर सांभाळायची, त्यात काय एवढं!" हे इतक्यांदा ऐकलंय की आता हे काम करणाऱ्यांनीच त्याबद्दल लिहावं असं वाटतं. सुरुवात मी करते.

२६ जुलै २००५. लोकल बंद पडल्या. रात्री आठ वाजले तरी सहा मुलं माझ्याकडेच, वीज गेलेली, फोन लागत नव्हते. मऊ भातात मेतकूट-तूप कालवून सगळ्यांना भरवलं. पाच जण झोपले. दीड वर्षाचा एक काही केल्या झोपेना. मांडीवर थोपटलं, खांद्यावर टाकून फेऱ्या मारल्या. तो नुसता माझ्या मानेशी चाचपडत होता. मध्यरात्र उलटल्यावर माझ्या कानाची पाळी त्याच्या हाताला लागली. दोन बोटांत धरली आणि डोळे मिटले. मी पहाटेपर्यंत तशीच भिंतीला टेकून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची आई ठाण्याहून चालत आली. तिने उचललं, तर याचा हात सरळ तिच्या कानाकडे. तेव्हापासून नव्या मुलाच्या आईला माझा पहिला प्रश्न असे: झोपताना काय धरतो?

सगळ्यात त्रास व्हायचा तो सकाळी तापाचं औषध पाजून मूल सोडून जाणाऱ्यांचा. अकरापर्यंत औषध उतरायचं, अंग भाजायला लागायचं, आणि आठवडाभरात निम्मी मुलं आजारी. त्यांच्या रजेची अडचण कळायची, पण बाकीच्या मुलांचं काय?

पुणे, कंपनीतलं पाळणाघर
२०१७ च्या कायदादुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आईला दिवसातून चार वेळा येता येतं. अंगावर पाजणाऱ्यांना याचा मोठाच आधार आहे. पण दोन वर्षांच्या मुलाला चार भेटी म्हणजे चार ताटातुटी. काही आया मूल खेळण्यात रमलं की हळूच सटकतात. मग ते दिवसभर दाराकडे बघत बसतं, घास घेत नाही. मी सगळ्यांना सांगते, "जाते, खाऊ झाला की येते," असं त्याच्या तोंडावर सांगून जा. रडेल, पाच मिनिटांत सावरेल. आणि खाऊ झाला की खरंच या.

डहाणू तालुका, अंगणवाडी
ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तो हाच भाग. मूल आपल्याकडे येत नसेल तर आपण त्याच्या अंगणात जायचं, हे त्यांचंच. मी अजूनही तेच करते. पाड्यावर जाऊन बसते, चिंचोके मोजायला लागते, की मुलं आपोआप गोळा होतात. माझी पुस्तकी मराठी त्यांना कळायची नाही, म्हणून आधी मी त्यांची वारली बोली शिकले.

मुलांचा कंटाळा कधीच येत नाही. वजन-उंची, आहार, गृहभेटी, सगळं मोबाइलवर भरायचं, त्यात रेंज नाही. आणि हातात येतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. तरी मागच्या वेळी एका अशक्त मुलीचा काटा चारशे ग्रॅमने पुढे सरकला, तेव्हा तिची आजी आणि मी दोघी रडलो.

जर्मनी
इथल्या पाळणाघरात पहिले काही दिवस आई किंवा बाबा मुलासोबत वर्गातच बसतात. पहिले तीन दिवस तर मुलाला एकटं सोडतच नाहीत. आपल्याकडे हे यायलाच हवं. माझ्याकडून त्यांनी काय घेतलं? थोपटणं! आता दुपारी गादीवर आडवी झालेली मुलं माझा हात ओढून स्वतःच्या पाठीवर ठेवतात.

नाशिक
मार्च २०२० मध्ये एका दिवसात माझं पाळणाघर रिकामं झालं. फी थांबली, मदतनीस गावी गेली. पुन्हा सुरू केलं तेव्हा सव्वा वर्षाची असताना गेलेली पोर तीन वर्षांची होऊन आली. तिला मी अजिबात आठवत नव्हते, त्यात तोंडावर मास्क. आईच्या ओढणीमागे लपली. मी लांब जमिनीवर बसले आणि तिला झोपवताना म्हणायचे ते अडगुलं-मडगुलं हळू आवाजात म्हणायला लागले. ओढणीतून एक डोळा बाहेर आला.