मदत हवी आहे : लाल गाडीची झाक चेहऱ्यावरून कशी काढायची?

मंडळी, मित्राच्या नव्या लाल गाडीचं शूट केलंय. काही फोटोंत तो बॉनेटला टेकून उभा आहे. फाइल्स रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ) आहेत, एडिटिंग लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये.

गाडी झकास दिसतेय. क्लॅरिटी आणि डीहेझ (उठाव वाढवणारा आणि धूसरपणा घालवणारा स्लायडर) जरा वाढवलं की दारावरची रेघ मस्त उठून येते. पण तेच चेहऱ्यावर गेलं की पठ्ठ्या दहा वर्षांनी म्हातारा! एचएसएलमध्ये (जिथे एकेक रंग वेगळा बदलता येतो) लाल गडद केला की गाडीबरोबर ओठ आणि कानही पेटतात.

म्हणून मास्क (फोटोच्या ठरावीक भागापुरताच बदल करायची निवड) लावून माणूस वेगळा काढला. तरी हनुवटीखाली बॉनेटवरून आलेली लाल झाक राहतेच. त्वचेच्या रंगातल्या नारिंगीचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) उतरवलं तर चेहरा पांढराफटक, आजाऱ्यासारखा.

ही झाक फोटोशॉपमध्ये कलर ब्लेंड मोडच्या (खालचा उजेड-अंधार तसाच ठेवून फक्त रंग बदलणाऱ्या) लेयरवर ब्रशने काढावी, की मास्कमध्ये कर्व्हजनेच (उजेड आणि रंग बदलायच्या आलेखाने) जमेल? आणि पुढच्या काचेवर विजेच्या खांबाचं प्रतिबिंब आहे (प्रतिबिंब कमी करणारा पोलरायझर फिल्टर नव्हता). क्लोनने (शेजारचा भाग त्यावर उतरवून) पुसलं की काचेवरचा आभाळाचा उतरता रंग तुटतो, पट्टे दिसतात. त्यावर काय करता?

त्वचा गुळगुळीत करणारे प्रीसेट (तयार सेटिंग्ज) कृपया सुचवू नका, त्याची दाढीची खुंटं मला हवी आहेत.