संसर्गात कोलेस्टेरॉल घटते ते का?

प्रश्न (उदगीर) : नमस्कार. मूत्रमार्गातील संसर्ग रक्तात पसरल्यामुळे माझ्या वडिलांना लातूरच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले होते. एरवी वाढलेले त्यांचे कोलेस्टेरॉल त्या काळात बरेच खाली आले. नातेवाइकांना ते शुभलक्षण वाटले, डॉक्टरांना मात्र काळजीचे. वडील आता घरी आहेत, पण काकूंचा आग्रह आहे की चरबी भरून काढण्यासाठी त्यांना भरपूर तूप द्यावे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (अंबाजोगाई) : मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वडील घरी आले हे वाचून बरे वाटले. अशा संसर्गात बहुधा सापडणाऱ्या ई. कोलायसारख्या जंतूंच्या बाह्य आवरणात एंडोटॉक्सिन हे विष असते व जंतू फुटले की ते रक्तात सुटते. एलबीपी नावाचे प्रथिन ते उचलून सीडी14 या दुसऱ्या प्रथिनामार्फत पांढऱ्या पेशींवरील टीएलआर4 या ग्राहीपर्यंत पोचवते. मग टीएनएफसारखी दाहकारक द्रव्ये स्रवतात, ताप चढतो आणि प्रतिक्रिया आवरली नाही तर रक्तदाब कोसळतो. परंतु या विषाचा ‘लिपिड ए’ हा घातक भाग स्वतःच स्निग्ध असल्यामुळे तो रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एचडीएल, एलडीएल यांसारख्या लिपोप्रोटीन कणांच्या पृष्ठभागात रुतून बसतो, आणि तिथे आहे तोवर ग्राहीला तो सहसा सापडत नाही. पुढे असे बरेचसे विष यकृताकडे नेले जाते. मला विशेष वाटते ते हे की विष पेशींपर्यंत नेणारे एलबीपीच ते लिपोप्रोटीनच्या स्वाधीन करण्यासही मदत करते. म्हणून गंभीर संसर्गात एचडीएल घटणे म्हणजे एक संरक्षण कमी होणे होय.

उत्तर (परभणी) : वरील विवेचनाला एक मर्यादा जोडतो. निरोगी स्वयंसेवकांना आधी कृत्रिम एचडीएल आणि नंतर एंडोटॉक्सिन दिले असता टीएनएफ कमी वाढल्याचे 1990 च्या दशकात दिसले. मात्र विष बांधून ठेवणारे फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाचे द्रावण प्रत्यक्ष रुग्णांना देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत. रुग्णालयात पोचेपर्यंत दाहाची साखळी सुरू झालेली असते, हे त्याचे एक कारण असावे. शिवाय आजारात यकृत एचडीएलची घडणच बदलते, त्यामुळे ही घट तुपाने भरून निघत नाही. काकूंचा जीव तुटतो हे समजते, परंतु आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठेवावा. वडिलांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, तर आजारातील आकडा पाहून ती परस्पर बंद करू नये. पूर्ण बरे झाल्यावर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.